गोळी गरम पडली, तर कळवायचं कुणाला?

मृगाचा पाऊस लागून तरवा लावणीला आला, की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गावांत आशाताई आणि आरोग्यसेवक डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल वाटू लागतात. उंदरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात उतरलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात, म्हणून चिखलात तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅमचा डोस दिला जातो.

आता समजा, एका काकींनी तो डोस शेतावर निघताना रिकाम्या पोटी, घोटभर पाण्यावर घेतला. थोड्या वेळाने छातीत आग पडली, थुंकी गिळतानासुद्धा टोचू लागलं. दुपारी बांधावर भाकरी सोडताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "माका गोळी गरम पडली गो." संध्याकाळपर्यंत वाडीतल्या निम्म्या घरांनी कॅप्सूल परसात फेकून दिल्या.

काकी खोटं बोलत नव्हत्या. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून राहिली, तर तिथे खरोखर जखम होते. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, हा त्यावरचा साधा उपाय. शिवाय या औषधामुळे काहींची कातडी उन्हात एरवीपेक्षा लवकर भाजते. ही तक्रार त्याच दिवशी आशाताईंच्या कानावर गेली असती, तर पुढच्या घरात कॅप्सूल देताना पाण्याचा पेला समोर ठेवायला सांगितलं गेलं असतं. ती वाडीभर फिरली, पण कागदावर कुठेच आली नाही. परिणाम असा, की लेप्टोपासूनचं संरक्षण गेलं आणि तक्रारीचं खरं कारण कुणाला कळलंच नाही.

औषधाचा त्रास कळवायची एक सरकारी व्यवस्था देशात आहे आणि ती सामान्य माणसालाही खुली आहे. कोकणात ती फार कमी लोकांना माहीत असते. मेडिकलच्या काउंटरवर "ह्या गोळीनं चक्कर येते, दुसरी द्या" हे वाक्य रोज ऐकू येतं. गोळी बदलून मिळते आणि विषय संपतो.

संशय पुरेसा आहे

लोक कळवत नाहीत त्याचं मोठं कारण भीड. "गोळीनंच झालं कशावरून? उद्या आपण खोटे ठरलो तर?" म्हणून आधी हे स्पष्ट करू, की कळवणाऱ्याने काहीही सिद्ध करायचं नसतं. डॉक्टर-नर्स भरतात त्या फॉर्मच्या नावातच 'संशयित' असं आहे. औषध घेतलं आणि नंतर त्रास झाला, एवढंच तुम्ही सांगायचं. औषधामुळे झाला की नाही, हे ठरवणं दुसऱ्यांचं काम.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला ठाऊक आहेच. फांदी आतून किडलेली होती का, हे तपासायला माणसं नेमलेली आहेत. पण कावळा केव्हा बसला, कोणत्या फांदीवर बसला आणि ती किती वेळाने मोडली, हे पाहणाऱ्यानेच सांगायला हवं.

तपासणारे मग काही ठरावीक प्रश्न विचारतात. औषध सुरू झाल्यावर किती वेळाने त्रास झाला? औषध थांबवल्यावर तो कमी झाला का? पुन्हा दिल्यावर परत आला का? (हा प्रयोग घरी करायचा नाही. पूर्वी कधी तसं घडलं असेल, तरच सांगायचं.) त्याच वेळी दुसरं कोणतं औषध चालू होतं? मूळ आजारातच असं होतं का? या उत्तरांवरून प्रकरण 'निश्चित', 'संभाव्य', 'शक्य' किंवा 'असंभव' अशा खणांत जातं. बहुतेक प्रकरणं मधल्या खणांत पडतात आणि त्यात काही बिघडत नाही. एकट्या अहवालातून फारसं सिद्ध होत नाहीच. सावंतवाडी, नाशिक आणि गुवाहाटीतून एकाच औषधाबद्दल सारखीच तक्रार आली, म्हणजे कान टवकारायचे.

चाचण्या होऊनही हे का लागतं?

औषध बाजारात येण्याआधी त्याच्या माणसांवर चाचण्या होतात. तरीही पुन्हा लोकांनी कळवायचं, म्हणजे चाचण्या कच्च्या होत्या का? नाही, अडचण आकड्यांची आहे. एखादं औषध ३,००० लोकांवर तपासलं आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तरी तो त्रास हजारात एकाला होत असण्याची शक्यता उरतेच. दहा हजारांत एकाला होणारा त्रास असल्या चाचणीत दिसलाच नाही, तर नवल नाही. शिवाय चाचणीत निवडलेली माणसं असतात. गरोदर बायका, ऐंशी वर्षांचे आजोबा, मधुमेह, बीपी आणि गुडघेदुखी अशा तिन्हींच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्या आजी त्यात सहसा नसतात. आमच्याकडे तर गोळ्यांचा एक डबा मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला, चाकरमानी मुलाने गणपतीला येताना आणलेला, आणि दुसरा तालुक्याच्या डॉक्टरांचा. दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नसते. ही चाचणी कोणत्याही कंपनीने केलेली नसते. ती आजींच्या पोटात चालू असते.

रोटाव्हायरसच्या लशीचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत 'रोटाशील्ड' ही लस मंजूर झाली. चाचण्यांत ती सुमारे १०,००० बाळांना दिलेली होती. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकण्याचे मोजके प्रकार तेव्हा दिसले होते, पण ते लशीमुळेच म्हणावेत इतके नव्हते. लस सर्वत्र सुरू झाल्यावर डॉक्टरांकडून अहवाल येऊ लागले. जुलै १९९९ पर्यंत ते फक्त १५ होते, पण तेवढ्यावर लसीकरण थांबवून तपास झाला आणि ऑक्टोबरमध्ये लस बाजारातून मागे घेतली गेली. धोका साधारण दहा हजारांत एक बाळ एवढा असावा, असा अंदाज निघाला. त्यानंतर आलेल्या दोन नव्या रोटाव्हायरस लशींच्या चाचण्या प्रत्येकी ६०,००० हून जास्त बाळांवर घ्याव्या लागल्या, कारण आता काय शोधायचं हे माहीत होतं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्या बाळांना रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. तिच्यामागे त्या पंधरा कागदांचाही वाटा आहे.

या साऱ्या व्यवस्थेचं मूळ मात्र त्याहून जुन्या आणि फार वाईट प्रकरणात आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध आलं. गरोदर बायकांना मळमळीसाठीही ते दिलं जाई. ऑस्ट्रेलियातले विल्यम मॅकब्राइड आणि जर्मनीतले विडुकिंड लेन्झ या डॉक्टरांनी वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच गोष्ट हेरली, की हे औषध घेतलेल्या आयांची मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मत आहेत. १९६१ च्या अखेरीस औषध मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात १०,००० हून अधिक बाळांना बाधा झाली होती. त्यानंतर १९६४ मध्ये ब्रिटनने डॉक्टरांसाठी औषधाचा त्रास कळवायचं पिवळं कार्ड सुरू केलं आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांना घेऊन अहवाल एकत्र करायला सुरुवात केली. ते काम आज स्वीडनमधल्या उप्साला इथून चालतं. भारत त्यात १९९८ मध्ये सामील झाला. आपला राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचं केंद्र औषधांची मानकं ठरवणाऱ्या, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे.

औषधाचा त्रास असा कळवा

सर्वांत सोपा रस्ता फोनचा. १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक कार्यालयीन वेळेत चालू असतो. 'एडीआर पीव्हीपीआय' नावाचं मोबाइल ॲप आहे. ग्राहकांसाठीचा फॉर्म कमिशनच्या संकेतस्थळावर मराठीतही मिळतो. वैद्यकीय महाविद्यालयांतून अहवाल घेणारी केंद्रं देशभर शेकडोंनी आहेत. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर डॉक्टर, नर्स किंवा औषधविक्रेता यांच्यापैकी कुणालाही तुमच्या वतीने फॉर्म भरायला सांगा. त्यांना तो भरता येतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. "असं होतच नाही या गोळीनं" असं उत्तर मिळालं, तर तुम्ही स्वतः कळवायला मोकळे आहात.

अहवाल ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात: कुणाला झालं (आद्याक्षरं, वय आणि स्त्री की पुरुष एवढं पुरतं), कशामुळे झाल्याचा संशय आहे, काय झालं, आणि कोण कळवतंय. नावं गुप्त ठेवली जातात. हा कुणाविरुद्धचा तक्रारअर्ज नव्हे. यातून डॉक्टरवर कारवाई होत नाही आणि तुम्हाला भरपाईही मिळत नाही. भरपाई हवी असेल, तर तो रस्ता वेगळा.

या चार गोष्टींनी अहवाल उभा राहतो खरा, पण तपशिलाशिवाय तो लंगडा असतो. "बीपीची गोळी, पांढरी, लहान" यावरून गाझियाबादला काय समजणार? म्हणून औषधाचं नाव, ताकद, कंपनी, कधी सुरू केलं, कधी बंद केलं आणि बॅच नंबर लिहायचा. बॅच नंबर महत्त्वाचा अशासाठी, की त्रास औषधाचाच नसून त्या एका घाण्याचा असू शकतो. नेमका इथेच आपला घोळ होतो. दुकानात दहाच्या पाकिटातून चार गोळ्या कापून घ्यायची सवय आहे, आणि बॅच नंबर व मुदत बहुतेकदा पाकिटाच्या एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानातच राहतं. कापून घ्यायच्याच असतील, तर बिल मागा, कारण बॅच नंबर बिलावर असतो. बिल नको म्हणणं ही आपल्याकडची भलतीच सवय आहे. पावसात दमट कपाटात ठेवलेल्या, पाकिटातून बाहेर काढून डबीत भरलेल्या गोळ्यांचं तर विचारूच नका.

उदाहरण घेऊ. वेंगुर्ल्याच्या बाजूला राहणाऱ्या एका मावशींना बीपीसाठी रॅमिप्रिल सुरू झालं आणि दोन-तीन आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे सगळ्यांना वाटलं हवा बदलली. खोकल्याची दोन औषधं झाली, काढे झाले, एक्स-रे झाला. खोकला मात्र सरळ गोळीचा. या गटातल्या गोळ्यांनी साधारण दहातल्या एका माणसाला असा खोकला लागतो आणि गोळी बदलली, की काही आठवड्यांत जातो. गंमत म्हणजे इतका सर्रास होणारा त्रासही ही औषधं वापरात आल्यानंतरच नीट ध्यानात आला, कारण खोकल्याची शंका बीपीच्या गोळीवर कोण घेणार? ॲम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने घोट्यापाशी येणारी सूज अशीच 'वयामुळे' म्हणून सोडून दिली जाते. मावशींच्या फॉर्मवर रॅमिप्रिलबरोबर खोकल्याची दोन्ही औषधं आणि काढेही यायला हवेत. लोक काढा सांगत नाहीत, कारण 'ते काय औषध आहे?' आहेच ते औषध. आयुर्वेदिक, युनानी आणि होमिओपथिक औषधांच्या त्रासाची नोंद घेणारी स्वतंत्र व्यवस्था आयुष मंत्रालयाने उभी केली आहे आणि तिचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे.

खोकल्यासारखा माहीत असलेला त्रास कळवावा का? कळवला तर चांगलंच. पण नवं औषध, आधी न ऐकलेला त्रास, आणि जीव धोक्यात आला, दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, अपंगत्व आलं किंवा बाळात जन्मतः व्यंग आलं असे गंभीर प्रकार कळवायचे राहता कामा नयेत.

कळवल्यावर काय होतं? तुम्हाला निकालाचं पत्र येईल या आशेवर राहू नका. अहवाल तपासून राष्ट्रीय साठ्यात जातो आणि तिथून उप्सालाला. त्यांतून काही खुणावू लागलं, तर कमिशन सूचना काढतं किंवा औषध नियंत्रकांना औषधाच्या माहितीपत्रकात बदल सुचवतं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मेफेनॅमिक ॲसिडबद्दल अशी सूचना निघाली. पाळीच्या दुखण्यावर आणि मुलांच्या तापावर हे औषध आपल्याकडे सर्रास घेतलं जातं. त्यामुळे क्वचित 'ड्रेस' नावाची गंभीर रिॲक्शन येते, असं आपल्याच देशातल्या अहवालांवरून दिसलं होतं. यात अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि यकृतासारख्या अवयवांना इजा होते, आणि तीही औषध घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी. एवढ्या अंतराने आलेल्या पुरळाचा संबंध महिन्यापूर्वीच्या गोळीशी कोण जोडेल? कुणीतरी जोडला, लिहिला.

लशीचा रस्ता वेगळा

लशीनंतरच्या त्रासासाठी गाझियाबादला फोन करायची गरज नाही. लस दिलेल्या सिस्टरना किंवा आशाताईंना सांगितलं, की पुढची साखळी सुरू होते. प्रकार गंभीर असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याने २४ तासांच्या आत जिल्ह्याला कळवायचं असतं. जिल्हा परिषदेत माता व बालसंगोपन अधिकारी हे काम पाहतात. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर समित्या आहेत. खासगी दवाखान्यात लस घेतली असली, तरी कळवायचं इथेच.

कोणता त्रास अपेक्षित, हे सिस्टर सांगतात. ते घाईत असलेल्या आईच्या डोक्यावरून जातं, म्हणून पुन्हा सांगतो. पेंटाव्हॅलंटनंतर (पाच रोगांवरची एकत्र लस) ताप येतो, मांडी सुजते आणि दुखते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो आणि वण राहतो. तो लस उठल्याचा नेहमीचा क्रम आहे, त्यावर हळद-चुना लावायची गरज नाही. झटका येणं, तीन तासांहून जास्त वेळ न थांबता रडणं, टोचलेल्या जागी पू होणं, श्वास लागणं, बाळ निपचित पडणं, हे मात्र ताबडतोब कळवायचं आणि दाखवायचंही. लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात, ते जीवघेणी ॲलर्जी बहुतेक वेळा त्याच काळात दिसते म्हणून. लसीकरणाच्या जागी त्यासाठी ॲड्रेनलिनचं किट ठेवलेलं असतं. एसटी सुटेल म्हणून दहा मिनिटांत उठणारे लोक त्या किटपासूनच दूर जातात.

समिती कारण शोधते तेव्हा लस हे एकच उत्तर तिच्यासमोर नसतं. त्रास लशीच्या घटकांमुळे असेल, त्या खेपेच्या दर्जातल्या दोषामुळे असेल, देण्यात किंवा साठवण्यात चूक झाली असेल, सुईच्या भीतीने घेरी आली असेल, नाहीतर योगायोग असेल. शाळेत एका मुलीला चक्कर आली, की पाठोपाठ पाचजणी पडतात. ती नाटकं नसतात. भीतीचा शरीरावर होणारा तो खराखुरा परिणाम असतो आणि त्याचीही नोंद होते.

चूक कुठे झाली हे शोधायचं महत्त्व मुलकोवालच्या घटनेतून कळतं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत वाल्देमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली बनलेली. दोष तिथलाच मानला गेला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे उघड झालं ते असं: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो ज्योतीवर न तापवता, कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून तसाच वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्या परळच्या प्रयोगशाळेला त्यांचंच नाव दिलं गेलं. कोणत्या बाटलीतून कुणाला लस गेली, चिमटा कधी पडला, हे कुणीतरी सांगू शकलं म्हणून लस दोषमुक्त झाली. आजही गंभीर प्रकार घडला, की लशीची कुपी आणि सुया फेकू नयेत, शीतपेटीत जपून ठेवाव्यात असा दंडक आहे, तो यासाठीच.

आधी जीव, मग फॉर्म

फॉर्म दुसऱ्या दिवशीही भरता येतो. गोळी घेतल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, किंवा तापाबरोबर तोंडात फोड, लाल डोळे आणि कातडी सुटणं सुरू झालं, तर १०८ ला फोन करा आणि निघा. फिट्सच्या, संधिवाताच्या किंवा सल्फाच्या गोळ्यांनंतर असली कातडीची रिॲक्शन आली, तर घरी वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. निघताना गोळ्यांचं पाकीट खिशात घाला.

याच्या उलटही आहे. त्रास झाला म्हणून बीपीची, फिट्सची किंवा टीबीची गोळी मनाने बंद करायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. फुरसं (विषारी साप) चावल्यावर जी विषावरची सुई देतात आणि लोक जिला लस म्हणतात, ती घोड्याच्या रक्तातून काढलेली असते आणि तिची रिॲक्शन येणं दुर्मिळ नाही. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, कधी बीपी उतरतं. ते दवाखान्यात सांभाळता येतं. "मागच्या वेळी शेजाऱ्याला रिॲक्शन आली" म्हणून ती नाकारून मांत्रिकाकडे जाणं, यासारखा मूर्खपणा नाही.

ज्या औषधाची रिॲक्शन आली, त्याचं मूळ नाव डॉक्टरांकडून केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. कंपनीचं नाव पुरत नाही, कारण तेच औषध दहा नावांनी मिळतं. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये असू द्या, एक मुंबईच्या मुलाकडेही. पुढची गोळी कदाचित तोच घेऊन येणार आहे.